सोमवारची केलेरा

१

टेकडीवरच्या त्या वृद्धाश्रमात केलेरा सोमवारी रुजू व्हायची होती, पोहोचली बुधवारी. मायदेशी, नांदीच्या विमानतळावर, विमानात काहीतरी बिघाड निघाला आणि दोन दिवस तिने तिथल्याच बाकावर काढले, कागदांची पिशवी उशाशी घेऊन. पासपोर्ट, व्हिसाचं पत्र, पोलिसांचा दाखला, छातीच्या एक्स-रेचा अहवाल. ती पिशवी भरायला तिला अकरा महिने लागले होते.

तिची मावसबहीण वासिति हेच कागद तीन महिन्यांत गोळा करून दोन वर्षांपूर्वी इथे आली होती. दोघींची मुलाखत एकाच दिवशी, एकाच खोलीत झाली होती. वासितिचं नाव यादीत लागलं, केलेरा प्रतीक्षायादीत राहिली. तेव्हापासून वासितिने पाठवलेला प्रत्येक फोटो केलेरा बोटांनी मोठा करकरून बघायची. तो जाड कोट, ते लाल बूट, गालांवर आलेलं ते तेज. मग फोन उपडा ठेवायची आणि समोर जे कोण असेल त्याच्यावर डाफरायची. बहुतेक वेळा समोर तिची सहा वर्षांची लेक असायची, लावेनिया.

व्यवस्थापक बाईंचं नाव ब्रॉन्विन. पन्नाशीची, गोरी, आखूड केसांची, बोलण्यात मोकळी. तिच्या लहानशा ऑफिसात हीटर टकटक करत होता आणि खिडकीबाहेर गवतावर दहिवर पांढरं गोठलं होतं. केलेराने टेबलावर एकेक कागद सरळ रेषेत मांडला.

"हे पुन्हा कशाला आणलंस गं?" ब्रॉन्विन म्हणाली. "सोमवारी झालं की तुझं."

"माझं?"

"मग कुणाचं?" तिने मागच्या कपाटातून एक फाईल काढून समोर टाकली. वर केलेराचं पूर्ण नाव. आत पासपोर्टची प्रत, व्हिसाच्या तपासणीचा कागद आणि या देशात काम करायचा हक्क तपासल्याचा फॉर्म. 'मूळ कागद पाहिले. चेहरा फोटोशी जुळवला.' खाली ब्रॉन्विनची सही, सोमवारची तारीख, आणि त्याखाली केलेराची सही.

सही तिचीच होती. फक्त तिच्या सहीपेक्षा नीटस. शेवटचा फराटा कागदावरून सहज निघून गेलेला.

"पण सोमवारी मी नांदीला होते," केलेरा म्हणाली. "विमान नव्हतं."

ब्रॉन्विन हसली. मग तिचं हसू आटलं. "हे बघ, चेष्टा असेल तर आत्ताच सांग. सोमवारी या खुर्चीत बसून तू माझ्याशी अर्धा तास बोललीस. ती तू नसशील, तर दुसरंच कुणी तुझे कागद घेऊन आलं होतं असा त्याचा अर्थ. मला वर कळवावं लागेल. चौकशी होईल, तोवर तुला कामाला हात लावता येणार नाही. कदाचित परत जावं लागेल. तर नीट विचार करून सांग. सोमवारी तू आली होतीस की नाही?"

अकरा महिने. त्या यादीत आपल्यामागे किती जणी ताटकळत उभ्या आहेत, हे केलेराला ठाऊक होतं.

"मीच होते," ती म्हणाली. "प्रवासाने डोकं ठिकाणावर नाही."

"मग झालं तर." ब्रॉन्विनने तिला निळा गणवेश, नावाचा बिल्ला आणि दारं उघडायचं कार्ड दिलं.

उठता उठता केलेराने फाईलमधली पासपोर्टची प्रत पुन्हा पाहिली. पासपोर्टच्या फोटोत हसायला परवानगी नसते. तिच्या फोटोत तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, हे तिला पाठ होतं. प्रतीतली बाई तीच, ब्लाउज तोच. पण ओठांच्या कडा जराशा वर गेलेल्या. छपाईची शाई पसरली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. तरी बाहेर पडताना तिच्या मनात आलेला पहिला विचार भीतीचा नव्हता. ही माझ्यापेक्षा छान दिसते, असा तो होता.

२

काम तिला जमत होतं. म्हाताऱ्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं, गोळ्यांच्या गाडीमागून चालायचं. लांबच लांब बोळ, दोन्हीकडे दारं, कुठूनतरी सतत वाजणारी घंटी. घंटी वाजली की दारावरचा दिवा लागायचा आणि आत जाऊन भिंतीवरचं बटण दाबेपर्यंत ती थांबायची नाही.

दुसऱ्याच दिवशी ती डॅफ्नीआजींच्या खोलीत गेली. गावाकडच्या सवयीने ती सगळ्यांनाच आजी-आजोबा म्हणत होती आणि त्यांना ते आवडत होतं. डॅफ्नीआजींची स्मृती पार गेली होती. स्वतःच्या मुलाला त्या पोस्टमन समजायच्या. केलेराने त्यांचे मोजे काढले तशा त्या कळवळल्या.

"बर्फासारखे हात तुझे! ती दुसरी आधी हात चोळून घेते."

"दुसरी कोण, आजी?"

"तूच गं. दुसरी तू."

केलेरा हसली. बोळात येऊन वासितिला सांगितलं, तशी वासितिही हसली. "अगं, मला त्या गेलं वर्षभर बिशप म्हणतात. मनावर घेऊ नकोस."

पण दुसऱ्या दिवशी खोलीत शिरण्याआधी केलेराने तळवे चांगले चोळले. डॅफ्नीआजींनी तिच्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"आता तिची नक्कल करतेस होय?" त्या म्हणाल्या.

३

क्लॅरीआजोबांची गोष्ट वेगळी होती. वय एक्क्याण्णव, आयुष्यभर मालगाड्या चालवलेल्या, पाय गेलेले, पण डोकं शाबूत. पेपरातलं शब्दकोडं पेनाने सोडवायचे आणि चुकलं तर पेपराला शिव्या घालायचे.

केलेरा त्यांची दाढी करत होती आणि चर्चमधलं एक जुनं गाणं गुणगुणत होती. दोन कडवी झाली आणि ती थांबली.

"तिसरं म्हण की," आजोबा साबणाच्या फेसातून म्हणाले.

"तिसरं मला येत नाही. माझ्या आईला येतं."

"तुझ्या बहिणीला येतं. काल इथेच बसून पूर्ण म्हटलं तिने."

"वासिति? तिला तर गाता येत नाही."

"वासितिला मी ओळखतो, पोरी. मी त्या दुसरीबद्दल बोलतोय. केलेरा. बिल्ल्यावर लिहिलेलं होतं." त्यांनी तिच्या छातीवरच्या बिल्ल्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "एकच बिल्ला दोघींना वापरायला देतात का? चिक्कू लेकाचे."

केलेराच्या हातातला वस्तरा थबकला. "आजोबा, काल मला सुट्टी होती."

"तेच म्हणतोय मी. काल ती होती."

त्या दुपारी तिने ऑफिसातल्या मुलीला सहज विचारल्यासारखं करून आपल्या कार्डाची नोंद पाहून घेतली. काल सकाळी सहा वाजून चार मिनिटं, मागचं दार. मग क्लॅरीआजोबांची खोली, डॅफ्नीआजींची खोली, चादरींची खोली. कार्ड तर काल दिवसभर, ती वासितिबरोबर राहत होती त्या घरी, तिच्या कोटाच्या खिशात होतं.

यंत्र चुकलं असेल. वासितिने चुकून तिचं कार्ड उचललं असेल. आजोबांचं डोकं शाबूत असलं तरी वय काही कमी नाही. अशी तीन कारणं तिने लावली. एकेकटं घेतलं तर प्रत्येक कारण पटत होतं, तिन्ही एकदम मात्र पटत नव्हती.

संध्याकाळी ब्रॉन्विनने तिला सगळ्यांसमोर उभं केलं. डॅफ्नीआजींच्या मुलाने पत्र पाठवलं होतं. आईने कित्येक महिन्यांनी मला नावाने हाक मारली, ती केलेरा नावाच्या मुलीमुळे; तिने आईजवळ बसून तिला माझा फोटो दाखवून दाखवून नाव म्हणवून घेतलं. टाळ्या वाजल्या. केक कापला गेला.

केलेराने कोणालाही कधी फोटो दाखवला नव्हता. तिने केकचा तुकडा घेतला, मान झुकवली, "धन्यवाद" म्हणाली. घास तोंडात फिरत राहिला. आपल्याला मिळालेल्या शाबासकीचा आपल्यालाच हेवा वाटावा, हे तिला नवीन होतं.

"आल्या आल्या सगळ्यांची लाडकी झालीस की," वासिति तिला कोपराने ढोसत म्हणाली. "मला दोन वर्षांत कुणी बिस्किटसुद्धा कापून दिलं नाही."

४

मग केलेरा तिला शोधायला लागली.

ती कायम एक खोली पुढे असायची. केलेरा दिवा लागलेल्या दारापाशी धावत पोहोचे, तोवर घंटी बंद झालेली, पेशंटची पाठ उशीला नीट टेकवलेली, पाण्याचा पेला हाताशी ठेवलेला. पलंगावरच्या चादरीचे कोपरे आत मुडपलेले, केलेराची आई मुडपते तसे. केलेराला ते कधीच साधलं नव्हतं. खुर्चीवर हात ठेवला तर ती कोमट असे. खोबरेल तेलाचा वास येई, गावी घरी काढतात त्या तेलाचा, दुकानातल्या नव्हे. एकदा भिंतीपलीकडून तिसरं कडवं स्पष्ट ऐकू आलं. केलेरा दाराशी गेली, मूठ फिरवली, तसं गाणं मध्येच थांबलं. एखादी बाई शेजारीण आली म्हणून बोलायची थांबते, तसं. आत क्लॅरीआजोबा डोळे मिटून हसत होते.

"आत्ता कुठे गेली?"

"कोण? तू तर आत्ता आलीस," ते म्हणाले, आणि त्यांचं हसू मावळलं. "अरेरे. तू होय."

घाबरायला हवं होतं, हे तिला कळत होतं. गावी कोणाला असं काही झालं असतं तर घरच्यांनी पाद्र्याला बोलावलं असतं. पण तिला भीती वाटत नव्हती. तिला फक्त एकदा त्या बाईला पाहायचं होतं. केस कसे बांधते, चालते कशी, माणसाशी बोलताना त्याच्याकडे बघते कशी. गावातल्या सुखी जावेकडे कुंपणाआडून बघावं, तसं.

घरी वासितिचं काहीतरी बदललं होतं. तिने केलेराच्या पलंगावर आपला लाल बुटांचा जोड ठेवला होता. "तू काल जे बोललीस ना, त्याने मन हलकं झालं गं. तू माझा इतकी वर्षं राग राग करतेस हे मला ठाऊक होतं. पण तू स्वतःहून माफी मागशील असं वाटलं नव्हतं. घे, हे तुला."

केलेराने ते बूट हातात घेतले. पायात घालून पाहिले. बरोबर बसले. मग काढून पलंगाखाली लोटून दिले. ती माफी मागायची तिची अजून तयारी नव्हती.

५

रविवारी चर्चमधून आल्यावर तिने गावी फोन लावला. आठवडाभर ड्युटीच्या वेळा जमल्या नव्हत्या, हा तिचा पहिलाच नीट फोन. पडद्यावर लावेनिया आली. अंगात चर्चचाच झगा, दात एक पडलेला.

"परत?" लावेनिया म्हणाली.

"परत म्हणजे?"

"सकाळी बोललो ना आपण. आंघोळीच्या आधी."

केलेराने फोन दुसऱ्या हातात घेतला. "हो. बोललो. काय बोललो गं आपण?"

"खेकड्याची गोष्ट. खेकडा राजाच्या घरी चाकरी मागायला जातो ती." मुलगी पडद्याजवळ सरकली. "राहिलेली सांग. दरवान त्याला काय विचारतो?"

केलेराला असली कुठलीच गोष्ट माहीत नव्हती. गोष्टी सांगणारी आई ती कधी नव्हतीच. दमलेली, ओरडणारी, फोनमध्ये डोकं घातलेली आई होती. तरी तिने सुरुवात केली. "दरवान विचारतो, की तू कोण..."

"असं नाही!" लावेनियाने तोंड वाकडं केलं. "तू आवाज काढत नाहीस. राहू दे. मी सकाळच्या आईला विचारीन."

"लावेनिया, मीच तुझी आई आहे."

"हो, माहितीये," मुलगी समजूत घातल्यासारखी म्हणाली. "पण सकाळची पण आहे ना." आणि फोन आजीकडे देऊन खेळायला पळाली.

आजी, म्हणजे केलेराची आई, बराच वेळ लेकीकडे बघत राहिली. "एका आठवड्यात तुझ्यात किती फरक पडला, बाई. रोज सकाळी फोन करतेस, पोरीशी इतक्या मायेने बोलतेस. मी देवाचे आभार मानले. आज मात्र चेहरा ओढल्यासारखा दिसतोय."

"आई, तिसरं कडवं तू मला कधी शिकवलंस?"

"गुरुवारी विचारलंस की फोनवर. लिहून घेतलंस."

फोन ठेवल्यावर केलेरा स्वयंपाकघरातल्या खुर्चीत तशीच बसून राहिली. कौतुक घेतलंन, घेऊ दे. बूट मिळवलेन, मिळवू दे. लेक मात्र ती तिला देणार नव्हती.

६

"सोमवारी मी नव्हते," ती ब्रॉन्विनला म्हणाली. "मी खोटं बोलले. ती फाईल रद्द करा. माझी तपासणी पहिल्यापासून करा."

ब्रॉन्विनने उठून दार लावलं. "काय बोलतेस हे तुला कळतंय ना?"

"विमानाचं तिकीट आहे माझ्याकडे. बुधवारचा शिक्का आहे पासपोर्टवर."

ब्रॉन्विनने शिक्का पाहिला. फाईलमधली सोमवारची तारीख पाहिली. तिच्या गळ्यावर लाल चट्टे उठले. "केलेरा, सगळे तुझ्यावर खूश आहेत. गेल्या दहा वर्षांत मला अशी मुलगी मिळाली नव्हती. तारखेचा घोळ असेल माझ्याकडून. आपण तारीख दुरुस्त करू आणि हा विषय संपवू. काय?"

"खूश आहेत ते तिच्यावर."

"कुणावर?"

केलेराने विमानाचं तिकीट तिच्यापुढे सरकवलं. ब्रॉन्विनने सुस्कारा टाकला आणि फोन उचलला.

घरी वासिति संतापली. "तुला वेड लागलंय का? एकीचे कागद संशयात आले की ते सगळ्यांचे उकरतात! मिळालंय ते गोड मानून घ्यायला तुला काय होतं गं?"

"मला मिळालेलं नाही ते."

"मग कुणाला मिळालंय? दिसतेस तर तूच!" वासितिने भांडं आपटलं. मग आवाज खाली आणून, जवळजवळ रडत म्हणाली, "परवा किती छान होतीस. तशी का राहत नाहीस?"

७

तपासणी शुक्रवारी सकाळी अकराला ठरली. सरकारी अधिकारी बाई पडद्यावरून बोलणार होत्या. ब्रॉन्विनने कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची लहान खोली मोकळी करून दिली. एक टेबल, एक लॅपटॉप, एक खुर्ची, उन्हाने उजळलेली मोठी खिडकी. दार लावताना ती म्हणाली, "शांतपणे उत्तरं दे. मी माझ्या ऑफिसात आहे."

पडद्यावर अधिकारी बाई आल्या. चष्मा, करडा कोट, मागे पांढरी भिंत. कोपऱ्यातल्या लहान चौकटीत केलेराला स्वतःचा चेहरा दिसत होता, ओठ घट्ट मिटलेले.

"पासपोर्ट चेहऱ्याशेजारी धरा. थोडा वर. छान. आता, खोलीत तुम्ही एकट्याच आहात ना? नियम आहे."

"हो."

अधिकारी बाईंनी काहीतरी टिपलं. मग त्या पुढे वाकल्या, चष्मा नाकावर सारला.

"मग तुमच्या मागे कोण उभं आहे?"

केलेराने चौकटीत पाहिलं. तिच्या उजव्या खांद्यामागे, चौकटीच्या अगदी कडेला, निळ्या बाहीचा काठ होता. त्याहून जास्त त्या लहान चौकटीत मावत नव्हतं. खोबरेल तेलाचा वास मात्र आला. इतके दिवस जिला पाहायला ती बोळाबोळांतून धावली होती, ती आता हातभर अंतरावर होती, आणि केलेराची मान वळेना.

"दोघींचे चेहरे फारच सारखे आहेत," अधिकारी बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, कामाची घाई होती. "बहिणी आहात का? ठीक आहे. तुमच्यापैकी केलेरा कोण?"

केलेराने तोंड उघडलं. आणि तिच्या आधी, मागून, तिच्याच आवाजात उत्तर आलं.

"मी."

एवढंच. पण केलेराने आयुष्यात कधी असं 'मी' म्हटलं नव्हतं. प्रत्येक खिडकीशी, प्रत्येक रांगेत, प्रत्येक ऑफिसात तिने स्वतःचं नाव परवानगी मागितल्यासारखं सांगितलं होतं. या आवाजात मागणं नव्हतं. स्वतःच्या घरात बसून बोलावं, तसा तो होता. ऐकणाऱ्याला शंकाच येऊ नये. तिला स्वतःलाही आली नाही.

"धन्यवाद, केलेरा," अधिकारी बाई म्हणाल्या. "मग दुसऱ्या बाईंनी कृपा करून बाहेर थांबावं."

केलेरा उठली. ओरडता आलं असतं, लॅपटॉप ढकलून देता आला असता, निदान वळून पाहता आलं असतं. पण पाय दाराकडे निघाले होते. तिच्यामागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, कुणीतरी बसल्याचा.

बाहेर बोळात ती दाराशी उभी राहिली. आतलं सगळं ऐकू येत होतं. जन्मगाव. वडिलांचं नाव. व्हिसाचा क्रमांक, एका दमात. मुलीचं नाव विचारलं तेव्हा आतला आवाज इतका मऊ झाला की अधिकारी बाईंनी आपणहून मुलीचं वय विचारलं. मग दोघी कशालातरी हसल्या. प्रत्येक उत्तर बरोबर होतं. केलेरा चुकीची वाट बघत कान लावून उभी होती आणि चूक होत नव्हती.

बोळातून शनिवार-रविवारी फुलं घेऊन येणाऱ्या बायकांपैकी एक, आज कशी कोण जाणे शुक्रवारीच आलेली, बादली घेऊन चालली होती. ती थांबली. केलेराच्या अंगावरचा गणवेश तिने पाहिला नसावा, किंवा पाहून तिला तो गणवेश वाटला नसावा.

"आत यायच्या आधी पाहुण्यांनी वहीत नाव लिहायचं असतं हं," ती प्रेमाने म्हणाली. "कोणाला भेटायला आलात तुम्ही?"

आत अधिकारी बाई म्हणाल्या, "झालं. अभिनंदन."

केलेराने दाराच्या मुठीवरचा हात काढला.

"केलेराला," ती म्हणाली.